तेवीस पिशव्या आणि एक क्रौंच

परदेशी जाण्यासाठी जो अर्ज भरावा लागतो, त्यात 'प्रवासाचा हेतू' नावाचा एक रकाना असतो. शहाण्या माणसाने त्यात 'पर्यटन' असं लिहावं आणि मुकाट्याने पुढच्या रकान्याकडे वळावं. आमच्या सासूबाईंनी तिथे फळ्यावर शोभेल अशा ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'एक खोटं दुरुस्त करणे'.

मी कपाळाला हात लावला. मी पाणीपुरवठा खात्यात आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढली आहेत. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा, आणि मधल्या काळात तो कुठे आहे हे कोणी विचारलं तर डोळे मिटून सांगायचं. माझ्या टेबलावरून आजवर एकही कागद हरवलेला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. खात्यात कोणालाही विचारा, तेही एवढंच सांगतील, कारण माझ्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही त्यांच्याकडे नाही. तर अशा माणसाच्या देखत अर्जात असलं काही लिहिलं गेलं, तेही शाईने!

"आई, तिथे पर्यटन लिहायचं असतं," मी म्हणालो.

"पण मी पर्यटनाला चाललेच नाहीये."

"तुम्ही पक्षी बघायला चाललाय. म्हणजे पर्यटनच की!"

"जावईबापू," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अर्जात खोटं लिहून खोटं दुरुस्त करायला जायचं, हे काही मला बरं दिसत नाही."

चौतीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलंय. त्यांच्याशी वाद घालताना मला अजूनही उभं राहावंसं वाटतं.

ते खोटं काय होतं, ते आता सांगून टाकतो. सातवीच्या पुस्तकात स्थलांतरावर एक धडा होता आणि त्यात पांढऱ्या क्रौंचाचं चित्र होतं. सासूबाईंच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, तुम्ही खरा पाहिलाय?" बाईंचं वय बावीस, वर्गात साठ मुली, आणि मागे मुख्याध्यापिका तपासणीला बसलेल्या. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "हो." मुलगी चिवट होती. तिने विचारलं, "उतरताना कसा उतरतो?" बाई म्हणाल्या, "पाय खाली सोडतो, आणि पाण्याला लागण्याआधी क्षणभर तसाच थांबतो. जणू विचारतोय, येऊ का?"

वर्ग एकदम शांत झाला. मुख्याध्यापिकांनी शेरा लिहिला, 'स्वानुभवातून उत्तम अध्यापन'. झालं! तेव्हापासून दर वर्षी सातवीच्या मुली सहावीच्या मुलींना सांगायच्या की बाईंना क्रौंचाबद्दल विचारा हं, आणि दर वर्षी बाईंना तो क्रौंच उतरवून दाखवावा लागायचा. चौतीस वर्षं, चौतीस वेळा. सासूबाईंनी आयुष्यात दुसरं खोटं बोलल्याचं माझ्या ऐकिवात नाही. माझ्या स्वयंपाकाबद्दलसुद्धा त्या खरंच बोलतात.

आता यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे, नजर कडेकडेने आत येत चालली आहे. थेंब वेळच्या वेळी घाला, आणि बघायचं काही राहिलं असेल तर वर्षभरात बघून घ्या. डॉक्टरांच्या मनात नातवंडांची लग्नं वगैरे असावीत. सासूबाई घरी आल्या, चप्पल काढायच्या आधी म्हणाल्या, "मला क्रौंच बघायचाय."

बायकोला दवाखान्यातून रजा मिळेना. ती परिचारिका आहे आणि तिच्या वॉर्डात माणसं कमी. तेव्हा मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मी नेतो आईंना. सगळं नियोजन माझ्यावर सोड."

बायको म्हणाली, "तू आईला नेतोयस की आई तुला नेतेय, ते परत आल्यावर बघू."

मी दुर्लक्ष केलं. मोठ्या कामात हात घातला की घरच्यांचा असा पाठिंबा मिळतोच.

अपेक्षेप्रमाणे व्हिसा कार्यालयातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथे एक लांबलचक काच होती, काचेला बोटभर फट होती आणि काचेपलीकडे एक अधिकारी बसला होता. त्याचा चेहरा पाहून मला खात्यातलीच आठवण झाली. त्याने अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि फटीतून विचारलं, "हे काय आहे?"

मी पुढे सरसावलो. "साहेब, त्याचं असं आहे..."

"त्यांना विचारतोय."

सासूबाईंनी सांगितलं. सगळं सांगितलं. मुख्याध्यापिका, दुसरा बाक, पाय खाली सोडणं. मागची रांग पुढे सरकून ऐकू लागली. मग अधिकाऱ्याने विचारलं, "तिकडे ओळखीचं कोण आहे?"

"क्रौंच," सासूबाई म्हणाल्या. "पण तो मला ओळखत नाही."

बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, सरकारी माणसाला विनोद ऐकवला की फाइल सहा महिने खाली जाते. पण हा अधिकारी पेन खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे ते पक्षी दर वर्षी त्याच जागी येतात? विनाकागद?" पुढची पंधरा मिनिटं सासूबाईंनी त्याला स्थलांतर शिकवलं. मध्येच त्याच्या लेखणीने अर्जाच्या मागच्या बाजूला बाणांनी नकाशा काढून दाखवला. शेवटी त्याने शिक्का मारला, आणि शिक्का मारलेला कागद हातात देताना तो चक्क उभा राहिला. मला बावीस वर्षांत कोणी उभं राहून कागद दिलेला नाही. मला जरासं लागलं, पण कौतुकच जास्त वाटलं.

व्हिसा आल्याची बातमी जिन्यातून वर-खाली गेली, आणि समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त पोस्टमास्तर चहाच्या वेळी हजर झाले. त्यांना आम्ही 'अनुभव' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव सांगतो' असं सुरू होतं. परदेशाचा त्यांचा अनुभव म्हणजे एकदा ते मुलीकडे आठ दिवस गेले होते आणि थंडीमुळे आठही दिवस घरातून बाहेर पडले नव्हते.

"माझा अनुभव सांगतो," ते म्हणाले. "दोन गोष्टी. एक, बूट. घोट्याच्या वरपर्यंत, जाड तळव्याचे, नवेकोरे. दोन, पाऊस. तिकडे तो विचारून येत नाही. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, पिशवीला गाठ, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत."

हे दुसरं मला मनापासून पटलं. आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या खिळ्याला एक पिशव्यांची पिशवी लटकते. वाण्याकडून, औषधाच्या दुकानातून, कापडवाल्याकडून आलेली एकही चुरचुरणारी पिशवी आमच्याकडे फेकली जात नाही. तिची घडी होते, तिची आवक होते, पण जावक अशी कधी होत नाही. त्या साठ्याचं सोनं करण्याची वेळ आली होती. मोजे एका पिशवीत, औषधं एका, बिस्किटं एका, भाजलेले दाणे दोन पिशव्यांत. सासूबाईंच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली सर्वांत महत्त्वाची, म्हणून ती चार पिशव्यांत, चार गाठींत. पासपोर्ट आणि कागद पाच पिशव्यांत. बाकीचं बारीकसारीक सामान नऊ पिशव्यांत. एकूण तेवीस. सगळ्या पाठीवरच्या एका मोठ्या सॅकमध्ये. कागद अंगावेगळे करायचे नाहीत, हे माझं तत्त्व आहे.

सासूबाईंनी एक पिशवी दोन बोटांनी दाबून पाहिली. "आवाज होतो हो," त्या म्हणाल्या. "पक्षी बघायला जातोय आपण."

"आई, पॅकिंग माझ्यावर सोडा."

त्यांनी पिशवी होती तिथे ठेवून दिली. चूक करणाऱ्या विद्यार्थ्याला गणित शेवटपर्यंत सोडवू द्यायचं, ही त्यांची शिकवायची पद्धत आहे.

विमानतळावर तपासणीच्या बाईने सॅक उघडली आणि माझी पहिली गाठ सोडवायला घेतली. मी दुहेरी गाठ मारतो. तिने नखं वापरली, मग दात वापरायचा विचार केलेला दिसला, मग सहकाऱ्याला बोलावलं. अकराव्या पिशवीशी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला जायला सांगितलं. सोडलेल्या अकरा गाठी मी तिथेच बाकावर बसून पुन्हा मारल्या. सासूबाई शेजारी बसून थेंब घालून घेत होत्या, म्हणजे त्यासाठी मला चार गाठी आणखी सोडाव्या लागल्या.

त्या गावापर्यंत गाडी जात नव्हती. शेवटचे दोन तास चालत. वाट दाखवायला एक बाई आली होती, चाळिशीची, कमरेपर्यंत वेणी, पाठीवर आमची कपड्यांची बॅग. तिला आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला तिची. पण सासूबाई आणि ती पहिल्या पाच मिनिटांतच बोलायला लागल्या. कशा, ते मला विचारू नका. सासूबाई मराठीत विचारायच्या, ती तिच्या भाषेत उत्तर द्यायची, आणि दोघी हसायच्या. मी मात्र नव्या बुटांशी बोलत होतो. अर्ध्या तासात डाव्या टाचेला फोड आला, पाऊण तासात उजव्या. सासूबाईंच्या पायात शाळेच्या सहलींचे जुने कॅनव्हासचे बूट होते. गुडघे दुखत होते, ते मधूनच थांबून हाताने चोळायच्या, पण थांबल्या की तेवढ्यात त्यांना एखादं शेवाळ नाहीतर एखादी विष्ठा दिसायची, आणि मला बोलावून दाखवायच्या.

मग दोरांचा पूल आला. खाली नदी फेसाळत होती. पूल हलत होता. मी पुलाच्या तोंडाशी थांबून दृश्याचं कौतुक करू लागलो.

"घाबरलात?" सासूबाईंनी विचारलं.

"छे! फोटो काढावा म्हणतोय."

"मी चाळीस मुलींना ओढ्यावरून नेलंय. खाली बघायचं नाही. पुढच्या मुलीच्या वेणीकडे बघायचं आणि चालायचं."

मी बावन्न वर्षांचा, पाणीपुरवठा खात्याचा वरिष्ठ लिपिक, वाट दाखवणाऱ्या बाईच्या वेणीकडे बघत पूल ओलांडला. मागून सासूबाई 'शाब्बास, शाब्बास' म्हणत येत होत्या. खरं सांगतो, तेव्हा ते शब्द मला हवे होते.

गाव म्हणजे एका रुंद दलदलीच्या काठावरची पंचवीसेक घरं. आम्ही ज्या घरी उतरलो तिथे एक म्हातारी आणि तिच्या चार गाई होत्या. पहिल्याच सकाळी उठून पाहतो तर दाराबाहेर वाळत ठेवलेल्या बुटांतला एक नाहीसा. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून चिखलातल्या पावलांपाशी वाकल्या होत्या. चेहरा नुसता फुललेला.

"कोल्हीण!" त्या म्हणाल्या. "बघा, ही ओढत नेल्याची खूण. घरी पिल्लं असणार. खेळायला नेला असेल."

"आई, तो माझा बूट होता."

"हो ना! किती छान!"

म्हातारीने मला लोकरीचे जाड जोडे दिले. चालायला लागल्यापासून प्रथमच माझ्या टाचांना बरं वाटलं. एक बूट मी अजून ठेवलाय, अनुभवांना द्यायचा आहे.

आता त्या गावाच्या सणाबद्दल. क्रौंच दर वर्षी त्याच आठवड्यात येतात, दिवस मात्र नक्की नसतो. म्हणून त्या आठवड्यात रोज दुपारच्या जेवणानंतर सगळं गाव दलदलीच्या काठी येऊन बसतं आणि गप्प राहतं. अगदी गप्प. कुत्री घरात कोंडलेली. गाईंच्या गळ्यातल्या घंटांना आतून लोकर गुंडाळलेली. दारांच्या बिजागऱ्यांना तेल. म्हणे, पाहुणा घराच्या दारात आला की घरातल्यांनी आपापसात बडबडू नये, आधी त्याला बसू द्यावं. पहिला क्रौंच पाण्यात उतरला की गावातली सर्वांत वयस्कर बाई ढोलावर एक टिपरू मारते, आणि मग जो गलका सुरू होतो तो तीन दिवस थांबत नाही. हे सगळं वाट दाखवणाऱ्या बाईने हातवाऱ्यांनी सांगितलं. मला भारी वाटलं. आमच्याकडे पाहुणा आला की आधी टीव्ही मोठा होतो.

आमच्या हाती तीन दुपारी होत्या. चौथ्या सकाळी निघायचं होतं, नाहीतर परतीचं विमान चुकणार.

पहिल्या दुपारी आम्ही काठावर बसलो. दोनशे माणसं, तान्ह्या बाळांसकट, आणि गवत हललेलं ऐकू येत होतं. मी इतकी मोठी शांतता याआधी फक्त वरिष्ठांनी चूक कोणाची ते विचारल्यावर अनुभवली होती. पाच वाजले. पाच म्हणजे थेंबांची वेळ. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही वेळ चुकवायची नाही. मी सॅकमध्ये हात घातला.

चुर्रर्र.

दोनशे डोकी वळली. पण थेंब तर घालायलाच हवेत. पहिली गाठ सोडली. चुर्र, चुर्र, चरचर. दुसरी पिशवी काढली, ती पहिलीहून कडक होती, कापडवाल्याची. तिसरी औषधवाल्याची, ती तर बोलायचीच. समोरच्या रांगेतले एक आजोबा डोळे मिटून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटू लागले. चौथ्या गाठीला माझा घाम बाटलीवर पडला. थेंब घातले. त्या दिवशी क्रौंच आले नाहीत. माझ्यामुळेच असं कोणी म्हणालं नाही. कोणी काहीच म्हणालं नाही, तेच तर वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाटली खिशात ठेवली. आता तरी? पण वारा सुटला, आणि सॅकमधल्या उरलेल्या पिशव्या आपणहून कुजबुजू लागल्या. मी सॅकवर हात ठेवला, त्या दुसऱ्या बाजूने बोलल्या. तेव्हा आमची घरमालकीण म्हातारी उठली, वाकत वाकत आली आणि तिने सॅक उचलून न्यायला घेतली. मी पट्टा धरला. आत पासपोर्ट होते! तिने ओढली, मी ओढली. शेवटी तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, निःश्वास टाकला, कमरेला गुंडाळलेलं लोकरीचं कापड सोडलं आणि माझी सॅक गाईच्या घंटेसारखी सगळीकडून गुंडाळून बांधली. वर हळूच माझ्या डोक्यावर थोपटलं. गाईंनाही ती तसंच थोपटते, हे मी गोठ्यात पाहिलं होतं.

मानहानी म्हणावी तर होतीच. पण त्या म्हातारीच्या हातात राग मुळीच नव्हता. मी तिच्या जागी असतो तर मला दलदलीत ढकललं असतं.

त्या दिवशीही क्रौंच आले नाहीत. परत येताना सासूबाई घसरल्या नाहीत की दमल्या नाहीत, पण वाटेतलं एकही शेवाळ त्यांनी मला बोलावून दाखवलं नाही. घरी आल्यावर म्हणाल्या, "नाही आले तरी चालेल. इतकी माणसं एका पक्ष्यासाठी गप्प बसतात, हे पाहिलं. तेही पुष्कळ आहे."

त्यांचा आवाज चालेल असं म्हणत नव्हता. मी बायकोच्या आईला वीस वर्षं ओळखतो. चौतीस वर्षांचं ओझं घेऊन ही बाई हलत्या पुलावरून आली होती, आणि तिच्या नजरेचे दिवस मोजके होते. मी मनात ठरवलं, उद्या काय वाट्टेल ते होवो, माझ्याकडून आवाज होणार नाही.

तिसरी दुपार. ऊन उतरायला लागलं आणि वारा असा सुटला की गवत आडवं झालं. पाचचे थेंब झाले. काही वेळाने वाट दाखवणाऱ्या बाईने सासूबाईंच्या दंडाला हलकेच स्पर्श केला आणि बोटाने वर दाखवलं. लांबवर, डोंगराच्या खांद्यापाशी, पांढरे ठिपके. गावाने श्वास धरला. आणि त्याच क्षणी मला जाणवलं की सॅकभोवतीची लोकर सुटलीय. वाऱ्याने वरचं झाकण उघडलं, एका पिशवीचं तोंड बाहेर आलं आणि फडफडायला लागलं.

मी विचार केला नाही. मी सॅकवर पालथा पडलो. दोन्ही हातांनी, पोटाने, हनुवटीने, जे जे दाबता येईल ते दाबलं. तोंड गवतात खुपसलं. नाकात चिखल गेला. शिंक आली, ती मी कशी गिळली ते माझं मला माहीत. एक बोट जरी उचललं तरी खालून 'चुर्र' यायचं, म्हणून मी मानसुद्धा वळवली नाही. वरून पंखांचा आवाज गेला, मोठ्या चादरी झटकल्यासारखा. माझ्या डोळ्यांपुढे एक मुंगी होती. ती मुंगी मी इतकी नीट पाहिलीय की मला तिचं चित्र काढता येईल.

ढोलावर टिपरू पडलं.

मग जो आरडाओरडा झाला! माणसं नाचायला लागली, कुत्री सुटली, घंटांतली लोकर उपसली गेली. मी उठून बसेपर्यंत लोकांची भिंत उभी राहिली होती आणि मला पाठीच पाठी दिसत होत्या. फटीतून पाहिलं, तोवर पक्षी पलीकडच्या लव्हाळ्यात शिरले होते. सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. दोन्ही हात मांडीवर, आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा. म्हटलं, अरे देवा, थेंब वाहून गेले.

"पाहिलात?" त्यांनी विचारलं.

त्यांचा चेहरा बघून मी काय सांगणार होतो? आई, तुमचा क्रौंच आला तेव्हा मी पिशवी धरून पडलो होतो?

"हो," मी म्हणालो.

"सुंदर होता ना?"

"फारच."

परतीच्या विमानात त्या नुसत्या खिडकीबाहेर बघून मध्येच हसायच्या. मला वाटलं, जाऊ दे, आपला बूट गेला, अब्रू गेली, पण कागद सगळे परत आले आणि या बाईचं काम झालं. मला माझाच अभिमान वाटला. फार नाही, जेवढा परवडतो तेवढा.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी अनुभव आणि वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू हकीगत ऐकायला आल्या. बायको नुकती ड्यूटीवरून आली होती, ती चहा घेऊन दाराला टेकली. मी रंगात आलो. पूल सांगितला, वेणी गाळली. कोल्हीण सांगितली, तिला जरा लांडग्याच्या मापाची केली. सणाची शांतता सांगितली तेव्हा काकूंनी कपसुद्धा खाली ठेवला नाही, वाजेल म्हणून.

"आणि तो क्रौंच?" अनुभवांनी विचारलं. "तुम्ही स्वतः पाहिलात? उतरताना कसा उतरतो हो?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मागे फिरायला वाट नव्हती.

"पाय खाली सोडतो," मी म्हणालो, "आणि पाण्याला लागण्याआधी क्षणभर तसाच थांबतो. जणू विचारतोय, येऊ का?"

"वा!" काकू म्हणाल्या. अनुभवांनीसुद्धा मान हलवली, आणि त्यांचा स्वतःचा अनुभव सांगितला नाही. हे आमच्या जिन्यात प्रथमच घडलं.

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या.

सगळे गेल्यावर मी कप गोळा करून स्वयंपाकघरात नेले. सासूबाई मागोमाग आल्या आणि त्यांनी दार पुढे लोटलं.

"जावईबापू, तो थांबत नाही."

"म्हणजे?"

"क्षणभरही नाही. धप्पकन उतरतो. पुढे चार पावलं धडपडतो, आणि चिखल उडतो असा! येऊ का वगैरे काही विचारत नाही. आपलंच घर असल्यासारखा येतो." त्या हसायला लागल्या. "चौतीस वर्षं मी चुकीचं शिकवलं. आणि खरा त्याहून कितीतरी छान आहे!"

मी नळ सोडून कप विसळायला घेतले.

"तुम्ही पाहिलाच नाहीत," त्या म्हणाल्या.

"पिशवी धरली होती, आई."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ. एक मुंगी पाहिली."

मी मान खाली घातली. चौतीस वर्षांत कितीतरी मुलींनी त्यांच्यापुढे अशी मान खाली घातली असेल. मला वाटलं, आता रागावणार. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि दाराच्या खिळ्यावरची पिशव्यांची पिशवी काढून केराच्या डब्यात टाकली. आमच्या घरातली पहिली जावक.

"सांगून ठेवते," त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षी काही वाटत नाही. पुढे जड होत जातं. तुम्हाला चौतीस वर्षं थांबवायचं नाही मला."

बाहेर जाऊन त्या एक कागद घेऊन आल्या. मला वाटलं औषधाची चिठ्ठी. तो व्हिसाचा कोरा अर्ज होता. मुलाखतीच्या दिवशी त्या साहेबाकडून एक जास्तीचा मागून घेतलेला म्हणे, कधी कोणाला लागेल सांगता येत नाही. त्यांनी तो ओट्यावर पसरला, कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, प्रवासाचा हेतू असलेला रकाना बोटाने चाचपून शोधला आणि त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'एक खोटं दुरुस्त करणे'. मग कंसात लिहिलं, 'या वेळी जावयाचं'.

"आई, पण पुढच्या वर्षी तुमचे डोळे..." मी म्हणालो आणि थांबलो.

"माझं बघून झालंय," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही बघा. पिशवी मी धरीन."